‘गेट फोर’ कोणी वाजवलं

यंग्जटाउन, ओहायो
२ फेब्रुवारी २०१९

आई,

हे पत्र लिहावं की नाही, यावर मी रोजनिशीची दोन पानं खर्ची घातली आणि मग तीच पानं वाचून स्वतःचा कंटाळा आला. म्हणून सरळ सांगते. फर्नेस स्ट्रीटची निवड झाली. हॉल ऑफ फेममध्ये. बाबाचा बँड, यंदा, अखेर. समारंभ मे महिन्यात आहे.

बातमी आली तेव्हा मी दवाखान्यात होते. एका आजोबांना काचेच्या खोलीत बसवून कान तपासत होते. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच त्यांचं काम. फोन थरथरला, मी वाचलं आणि पुढचा आवाज सोडायला विसरले. ते बिचारे बटणावर अंगठा ठेवून बसून राहिले. शेवटी त्यांनीच काच वाजवली आणि विचारलं, “बाई, मी गेलो की तुमचं यंत्र गेलं?”

तिथून तडक बाबाकडे गेले. तो दारातला बर्फ ओढत होता. कानातलं यंत्र लावत नाही, त्यामुळे रस्त्यावर उभं राहून मला दोनदा ओरडून सांगावं लागलं. तो म्हणाला, “कोण म्हणतं?” मग म्हणाला, “रॉयला कळलं का?” आणि पुन्हा फावडं उचललं. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याला मी आनंद समजले. आत्ता लिहिताना तेवढी खात्री वाटत नाही.

तुला का कळवतेय? तू ऐकावंस म्हणून. तू घर सोडून गेलीस तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि ते मी कधीतरी समजून घेतलंही असतं. पण मी हॉलला पहिला अर्ज पाठवला त्या वर्षी तू डुलुथहून फोन केलास आणि म्हणालीस, “पॉली, त्या माणसाला त्या स्टेजवर चढवू नकोस.” मी फोन ठेवला. पुढे तुझा फोन कधी उचलला नाही. आयुष्यभर मोटारींच्या कारखान्यात दारं बसवलेल्या माणसाच्या वाट्याला एक गोष्ट येत होती, आणि तीही तुला बघवत नव्हती, असं मला वाटलं. अजून वाटतं.

दरवर्षी हॉलची नावं जाहीर व्हायची. ज्यांचं एक गाणं कुणाला पाठ नाही ते लोक आत जायचे, आणि आपले बाहेर. इथे अजून प्रत्येक शाळेच्या फुटबॉल सामन्याला त्यांचं ‘गेट फोर’ हे गाणं वाजतं. गाण्यातली ती जागा तुला आठवत असेल. गिटार थांबतात, रॉय गायचा थांबतो, क्षणभर काहीच नसतं, आणि मग जिन्यावरून रिकामी पिंपं गडगडत यावीत तसे बाबाचे ड्रम येतात. ती जागा आली की सगळं मैदान हवेत हात मारतं. किराणा दुकानात लोक बाबाला अडवून सामानाच्या गाडीच्या दांड्यावर बोटांनी ती वाजवून दाखवतात. तो हसतो आणि घाईने निघतो. मी त्याला विनय म्हणत आले.

हॉलने मला बोलावलंय. प्रदर्शनासाठी त्यांनी जुन्या मूळ टेप काढल्या आहेत. त्यातलं एकेक वाद्य सुटं ऐकता येतं. बाबाचे नुसते ड्रम मी ऐकणार. घरातलं पहिलं माणूस.

पॉलेट


१० फेब्रुवारी

आई,

मी ऐकलं.

तीन दिवस हात कामाला लागत नाहीत. काल एका बाईंचा डावा कान तपासला आणि कागदावर उजवा लिहिला. तसं माझ्याकडून कधी होत नाही. काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मीच त्यात काहीतरी मिसळून टाकीन.

तिथे हॅल्पर्नबाई म्हणून आहेत. नव्या आहेत, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवून डोक्यावर हेडफोन चढवले. मी रोज लोकांना जिथे बसवते तसल्याच खोलीत. गाणं सुरू झालं आणि त्या एकेक वाद्य काढत गेल्या. लेनची गिटार गेली. गसचा बेस गेला. रॉयचा गळा गेला. उरले ड्रम.

पहिल्यांदा मला रडूच आलं. किती स्वच्छ हात, कुठे घाई नाही. मनात म्हटलं, हॉलवाल्यांनो, हे ऐकायला तुम्हाला एवढी वर्षं लागली.

मग दोन ठोक्यांच्या मध्ये कुणाचं तरी पुटपुटणं ऐकू आलं.

वाजवणारे पुटपुटतात, हे मला ठाऊक आहे. ड्रमच्या वर मायक्रोफोन टांगलेला असतो, तो सगळं पकडतो. एरवी गिटारींच्या गदारोळात ते बुडून जातं, म्हणून कुणी पुसत नाही. मला वाटलं, बाबाच असणार. पण बाबाचा आवाज जाड आहे. हा बारीक होता. बाईचा. आणि धाप लागलेली होती, सामान घेऊन जिना चढताना लागते तशी. तेवढ्यात ती जागा आली. सगळे थांबतात ती. आजवर मी तिथे शांतता ऐकत आले होते. तिथे शांतता नाहीच आहे.

“चाकाय... चाकाय... तेराझ.”

आणि ड्रम कोसळले.

आजीची भाषा. थांब, थांब, आता. रस्ता ओलांडताना माझं मनगट धरून तू हेच म्हणायचीस. तव्यावरच्या धिरड्याला बुडबुडे यायची वाट बघतानाही हेच. माझ्या हलत्या दाताला दोरा बांधून दाराच्या मुठीला अडकवलास तेव्हाही. बाबाचं घराणं वेल्श, त्याला स्लोव्हाक म्हणजे खाण्याच्या पदार्थांची नावं तेवढी येतात. रॉय आणि लेन इटालियन, गस ग्रीक. त्या खोलीत ते शब्द येणारं दुसरं कुणी असणं शक्य नाही.

मी स्वतःला सगळे प्रश्न विचारले. तू नुसती शेजारी उभी असशील का? पण शेजारी उभ्या माणसाचा श्वास ठोक्याबरोबर तुटत नाही. ऐकणं हा माझा धंदा आहे. तो श्वास आणि तो ठोका एकाच अंगातून येत होते. तू लहानपणी चर्चच्या मुलींच्या बँडपथकात ताशा वाजवायचीस, त्याचा उंच टोपीतला फोटो आजीकडे होता. पण ते मी कधी याच्याशी जोडलंच नव्हतं. कुणी का जोडावं?

हॅल्पर्नबाई आत आल्या आणि म्हणाल्या, “हा आवाज तुमच्या ओळखीचा आहे का?”

मी म्हणाले, “नाही.”

“नक्की?”

“रेकॉर्डिंगवाल्यांपैकी कुणी असेल.”

“असेल,” त्या म्हणाल्या. “घाई नाही. कुणाकुणाची नावं घालायची ते एप्रिलपर्यंत ठरवायचंय.”

मी असं का बोलले ते मला सांगता येत नाही. विचार करून खोटं बोलले असते तर निदान तसं लिहिता आलं असतं. हात पोळल्यावर मागे येतो तसा तो शब्द आला.

नंतर गाडीत बसले होते, किल्ली हातात. ती रेकॉर्ड झाली चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या हिवाळ्यात. माझा जन्म पंचाहत्तरच्या एप्रिलचा. तुला धाप का लागली होती, ते मला तिथे, त्या पार्किंगमध्ये कळलं. म्हणजे त्या खोलीत मीही होते.

तू वाजवलंस का? बाकी काही नको. हो किंवा नाही, एवढंच लिही.

पॉलेट


९ मार्च

आई,

तुझं कार्ड मिळालं. बर्फातला पूल, आणि मागे तुझं तिरकं अक्षर. “हो. बाबाला विचारू नकोस.”

मी विचारलं. पहिल्या शब्दानंतर दुसरं वाक्य पाळणं माझ्या हातात नव्हतं.

काल लेंटचा, ईस्टरआधीच्या उपवासांचा, पहिला शुक्रवार. दरवर्षीप्रमाणे चर्चच्या तळघरात मासे तळणं चाललं होतं, आणि रांग जिन्यापर्यंत. बाबा माशांना पीठ लावायला उभा होता. मी कोशिंबिरीची भांडी ठेवायला त्याच्या शेजारी गेले. वाटलं होतं, एवढ्या गोंगाटात आपलं बोलणं आपल्यातच राहील. त्याच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, “बाबा, ‘गेट फोर’वर ड्रम कोणी वाजवलेत?”

त्याने तोच तुकडा पिठात दोनदा घोळवला. मग बोलला. त्याला वाटलं, तो हळू बोलतोय. त्याला कुठे ऐकू येतं.

“तुझ्या आईने. अख्खी रेकॉर्ड बर्नडीनने वाजवलीय. मी एक ठोका मारलेला नाही.”

रांग थांबली. हातात ताट घेतलेला एक माणूस माझ्याकडे बघायला लागला, जसं काही ते वाक्य मी परत बोलणार होते. मग मागून कुणीतरी म्हणालं, “डेल, ते राहू दे, मासे करपतायत.”

मी त्याला दंडाला धरून मागच्या खोलीत बटाट्यांच्या पोत्यांवर बसवलं. पिठाचे हात मांडीवर ठेवून तो सगळं सांगत गेला. थांबलाच नाही. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी पाहिलेलं नाही.

तुला हे सगळं ठाऊक आहे, पण मला पहिल्यांदा कळलं म्हणून लिहिते. त्याचं नीट चालायचं ते स्टेजवर. रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतीवरचा लाल दिवा लागला की त्याचे हात थिजायचे. “मला हजार माणसांसमोर बसव,” तो म्हणाला, “झोपेत वाजवीन. पण तो दिवा लागला ना, की हात माझे नसतात गं. दुसऱ्या कुणाचे तरी लोंबकळतायत असं वाटतं.” दोन दिवस असे गेले. रॉय शिव्या देत होता. तू सँडविचं घेऊन आलीस. पुरुष बाहेर भांडत होते आणि तुझी पाठ दुखत होती, म्हणून तू टेकायला ड्रमच्या स्टुलावर बसलीस. बसलीस तशी वाजवायला लागलीस. काचेपलीकडच्या पोराने टेप चालूच ठेवली होती. रॉय पळत आत आला आणि म्हणाला, “तिला उठवू नका.”

कव्हरवर चौघांचे फोटो आधीच छापून झाले होते. रॉय म्हणाला होता म्हणे, की सात महिन्यांची पोटुशी बाई ड्रमवर दिसली तर लोक विचारतील, ही रेकॉर्ड आहे की बाळंतविड्याची जाहिरात? सगळे हसले. तूही हसलीस, असं बाबा म्हणाला. मला ते खरं वाटत नाही. पण मी तिथे असूनही मला माहीत नाही.

“मग ती मला घरी शिकवायची,” तो म्हणाला. “स्वयंपाकघरात. तू टोपलीत झोपलेली. ती टेबलावर वाजवायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचो. हातांकडे नाही, हात फार वेगात जातात. तोंड आधी सांगतं.” मग दौऱ्यांवर रोज रात्री त्याने तुझेच हात वाजवले. लोक त्या जागेला उठून उभे राहायचे. “आणि घरी येऊन मी तिच्या डोळ्याला डोळा भिडवू शकायचो नाही. ती काही बोलायची नाही, ते त्याहून वाईट. ती गेली ना पॉली, तेव्हा मी सुटलो. तुला मात्र मी तिच्याविरुद्ध काही सांगितलं नाही. तिच्या बाजूनेही नाही सांगितलं.”

एवढ्यात हेलन ओर्सागबाई बटाटे न्यायला आत आल्या. तुझ्याच पथकातल्या त्या, आता ऐंशीला टेकल्यात. मी त्यांना विचारलं, ऐकलंत ना बाहेर? त्या म्हणाल्या, “त्यात काय ऐकायचंय? तो तर आपल्या पथकाचा ईस्टरच्या मिरवणुकीतला ताशाचा रोल. रेडिओवर पहिल्यांदा लागला तेव्हाच मी नवऱ्याला म्हटलं, ही हुडाकांची बर्नडीन.”

“मग बोलला का नाहीत कुणाला?”

“कुणाला बोलणार? आम्हाला वाटलं, घरात सगळ्यांना माहितीय.” आणि पातेलं कमरेवर घेऊन गेल्या.

मला वाटलं, एवढ्यावर संपलं. बाबा हातांकडे बघत म्हणाला, “दरवर्षी मीच त्यांना फोन करायचो.”

“कुणाला?”

“हॉलला. डेल प्रॉसर येणार नाही म्हणून. हयात असलेल्यांपैकी एकजण जरी नाही म्हणाला, तरी नाव पुढे जात नाही त्यांच्यात. तू अर्ज करायचीस, मी नकार कळवायचो.”

आई, माझे ते अर्ज. सह्या मागत मी मैदानांच्या फाटकांवर उभी राहिले. गावच्या वर्तमानपत्रात पत्रं लिहिली, की आपल्याकडच्या माणसांना हे मोठ्या शहरातले लोक कसे मोजत नाहीत. कुणी त्यांना डावललंच नव्हतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

“अर्ज लिहिताना तू इतकी खुशीत असायचीस,” तो म्हणाला.

यंदाही त्याने फोन केला होता. पण या नव्या हॅल्पर्नबाईंनी विचारलं, का? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, कारण त्या रेकॉर्डवर मी नाही. कोण आहे ते मात्र सांगितलं नाही आणि फोन ठेवला. जो रेकॉर्डवरच नाही त्याचा नकार धरायचा कशाला, म्हणून त्यांनी नाव पुढे जाऊ दिलं आणि टेप काढल्या. मला बोलावलं ते त्यासाठी होतं. ओळख पटवायला.

आणि मग शेवटचं. मी उठले होते. तो म्हणाला, “पहिल्या वर्षी तिने तुला फोन केला होता ना, स्टेजवर चढवू नको म्हणून? मीच सांगितलं होतं तिला, तू बोल म्हणून. मला धीर होत नव्हता.”

मी पोत्यावर परत बसले.

ते वाक्य मी रोजनिशीत त्या काळी जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. काल घरी येऊन काढून वाचलं. तेच शब्द आहेत, एक बदललेला नाही, आणि आता त्यांत द्वेष कुठे आहे तो मला सापडत नाही.

हॉलचा नियम असा, की रेकॉर्डवर ज्याने वाजवलं त्याचं नाव. बाबा म्हणतो, माझं नको, तिचं घाला. मी म्हटलं, ते तिने सांगायचं. मी हॅल्पर्नबाईंना नाही म्हणाले आहे, ते मला फिरवायचं आहे. पण तुझ्या हो शिवाय फिरवणार नाही. तुझ्याबद्दल इतरांनी परस्पर पुष्कळ ठरवलं आहे.

पॉली


१३ एप्रिल

आई,

“सांग. मी येणार नाही, बोटं आता काठी धरत नाहीत. डेलला वाजवू दे.”

तुझ्या कार्डाप्रमाणे सांगितलं. त्याच काचेच्या खोलीत जाऊन म्हणाले, हा माझ्या आईचा आवाज आहे. बर्नडीन हुडाक प्रॉसर. हॅल्पर्नबाईंना धक्का वगैरे बसला नाही. म्हणाल्या, “त्या दिवशी तो आवाज आला आणि तुमचा अंगठा खुर्चीच्या हातावर रुतला. मला तेव्हाच कळलं. पण नाव तुमच्या तोंडून यायला हवं होतं.”

चार नावं ठरली. रॉय, लेन, गस आणि तू. लेन आणि गस आता हयात नाहीत, त्यांची मुलं येतील. बाबाचं नाव नाही. त्याने यादी वाचली, चष्मा काढला, आणि मी आणलेली कोबीची शेवई दोनदा वाढून घेतली. तू घर सोडल्यापासून मी त्याला दुसऱ्यांदा वाढून घेताना पाहिलेलं नाही.

रॉयचा फोन आला होता. आधी चिडला. “झाकली मूठ सव्वा लाखाची असते पॉली, आणि तू ती मासे तळताना उघडलीस?” मी म्हटलं, मूठ तुमची होती, हात तिचा होता. मग म्हणाला, “त्या दिवशी मी बाळंतविड्याबद्दल जे बोललो ते तुझ्या आईला आठवत असेल का गं?” मला नाही माहीत. आठवतं का?

तुझी अट त्यांनी मानली. बाबा पाहुणा वादक म्हणून वाजवणार, लेन-गसच्या जागी दोन तरुण मुलं. तो रोज स्वयंपाकघरातल्या टेबलावर सराव करतो. त्याच टेबलावर. पण फोन ठेवताना रॉय एक बोलून गेला आणि तेव्हापासून मला झोप नाही. “समारंभ टीव्हीवर आहे. कॅमेऱ्यावर लाल दिवे असतात. त्याला आठवण करून देऊ नकोस.”

स्टेजवर लाल दिवा त्याने कधी पाहिलेला नाही. तेव्हा त्यांना टीव्हीवर कोण बोलवत होतं? सगळ्यांसमोर त्याचे हात थांबले, तर लोक म्हणणार, बघा, याला वाजवताच येत नव्हतं. आणि ते खरं नाही, आई. आता ते खरं नाही हे सांगू शकणारी माणसं म्हणजे फक्त तू आणि मी.

मी हॉलला लिहिलं आहे, की दिव्यांवर पट्टी लावा. कारण दिलं नाही.

पॉली


१९ मे

आई,

तू टीव्हीवर पाहिलं असशील, किंवा नसशील. टीव्हीवर काय दिसलं ते मला माहीत नाही. मी ड्रमच्या बाजूला उभी होते. बाबाला ऐकू येत नाही, तेव्हा गाण्यात आपण कुठे आहोत हे खुणेने सांगायला कुणीतरी दिसेल असं हवं होतं, आणि तो म्हणाला पॉली पाहिजे.

तुझं नाव वाचलं तेव्हा लोक आधी थोडे गोंधळले आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या वतीने मानचिन्ह हेलनबाईंनी घेतलं. त्यांनी पथकाची ती उंच टोपी घातली होती. कुणाला न विचारता घालून आल्या होत्या. भाषण एका ओळीचं केलं. “उशीर केलात,” म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

कॅमेऱ्यांवर काळ्या पट्ट्या होत्या. मी सकाळी प्रत्येकाजवळ जाऊन पाहिल्या होत्या.

गाणं सुरू झालं. बाबा छान वाजवत होता. छान म्हणजे त्याच्यासारखं, तुझ्यापेक्षा जड, थोडं मागे रेलून. मला पहिल्यांदाच दोन वेगळे हात ऐकू आले. मग ती जागा आली. गिटार थांबल्या, रॉय थांबला. आणि वरून लांब दांड्यावरचा एक कॅमेरा, जो सकाळी तिथे नव्हता, खाली झुकत थेट त्याच्या चेहऱ्यासमोर आला. त्याच्या टोकाला लाल दिवा.

बाबाच्या काठ्या वर होत्या. वरच राहिल्या.

ती जागा किती लांबली ते मला सांगता येणार नाही. रॉय मागे वळला. त्याचा चेहरा म्हाताऱ्या माणसाचा होता. पहिल्या रांगेतली एक बाई हवेत हात उचलून बसली होती आणि तिचाही हात तसाच होता. बाबाने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही. तोंडाकडे.

मला तो रोल येत नाही. ताल येत नाही. स्लोव्हाकही येत नाही. माझं तोंड उघडलं.

“चाकाय,” मी म्हणाले.

त्याच्या मनगटातला ताण उतरला. मला ते दिसलं.

“चाकाय... तेराझ.”

आणि पिंपं कोसळली, आई. सगळीच्या सगळी.

पुढचं मला नीट आठवत नाही. लोक उभे होते. बाबा घामाने भिजला होता आणि हसत होता, आणि त्याने रॉयला मिठी मारली, रॉय रडत होता की शिव्या देत होता ते कळलं नाही.

नंतर मी बाहेर हवेला गेले. तिथे रेकॉर्डिंगची गाडी उभी होती, दार उघडं. आतला तरुण मुलगा एकेक वाद्य सुटं करून तपासत होता. ड्रम लागले. ती जागा आली. त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं आणि कुणाला उद्देशून नाही असं म्हणाला, “हे मध्येच कोण बोलतंय?”

मी पायरीवर उभी होते. आवाज बारीक होता, बाईचा, धाप लागलेला. तो मला माझा वाटेना. तो तोच होता. फेब्रुवारीत ऐकलेला. मी आयुष्यात कधी स्वतःला असं ऐकलं नव्हतं.

त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही ओळखता का?”

“हो,” मी म्हणाले.

मग गाडीत येऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिले. तुझा नंबर अजून तोच आहे ना? पुढच्या रविवारी दुपारी फोन करते. यावेळी तू ठेवलास तरी चालेल, मी परत करीन.

पॉली